पदवी ऑनलाइन घ्यावी की पोस्टानं?

पत्र

बाई, नमस्कार. मी गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावर राहते. वय 27. बारावीनंतर कॉलेजचं पहिलं वर्ष केलं. 2018 च्या मार्चमध्ये खाणी परत बंद झाल्या, बाबांचा ट्रक दारात उभा राहिला आणि माझं कॉलेज सुटलं. आता लग्न झालंय, तीन वर्षांची मुलगी आहे, होंड्याला एका कारखान्यात पॅकिंगला जाते. मला इतिहास घेऊन बी. ए. करायचंय. सरकारी भरतीसाठी तर हवीच, पण मला तो विषय आवडायचा.

एका माणसाचा सारखा फोन येतो. ऑनलाइन डिग्री, एका वर्षात, परीक्षा घरूनच, एकूण 45 हजार, त्यातले 10 हजार आधी. सासूबाई म्हणतात, घरात बसून मिळालेली डिग्री म्हणजे बाजारातून आणलेली. आमच्या घरात रेंज येत नाही, देवळाच्या पायऱ्यांवर येते, पावसात तीही जाते. नवऱ्याची ना नाही. पण खरं सांगू? मला भीती वाटते ती माझीच. मी परत अर्ध्यावर सोडलं तर? करू का?

उत्तर

कर. आणि त्या माणसाला एक रुपयाही देऊ नकोस.

आधी त्याचा निकाल लावून टाकते, म्हणजे मुख्य गोष्टीला वेळ मिळेल. एका वर्षात बी. ए. देशात कुठल्याच मार्गानं होत नाही. कॉलेजात जा, दूरशिक्षणानं कर किंवा ऑनलाइन कर, पदवीला साधारण तीन वर्षं द्यावीच लागतात. विद्यापीठांना आपला अभ्यासक्रम एजंटांच्या फ्रँचायझीमार्फत चालवायलाही बंदी आहे. 2024 पासून दूरशिक्षणाला किंवा ऑनलाइन पदवीला प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर स्वतःचा डेब आयडी, म्हणजे प्रवेशासाठीचा ओळख क्रमांक, काढावा लागतो. त्यासाठी आधी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे शिकलेल्या विषयांची क्रेडिट जमा राहतात त्या खात्याचा, क्रमांक लागतो, तो डिजिलॉकरमधून मिळतो. हे सगळं तुझ्या फोनवर, तुझ्या ओटीपीनं करायचं. त्याच संकेतस्थळावर कोणत्या विद्यापीठाच्या कोणत्या अभ्यासक्रमाला कोणत्या सत्रासाठी मान्यता आहे त्याची यादी असते. विद्यापीठाचं नाव दिसलं म्हणून थांबू नकोस, इतिहासाच्या बी. ए.समोर या सत्राची मान्यता आहे का ते बघ. फोनवरचा माणूस म्हणाला, ‘त्याची गरज नाही’ किंवा ‘ओटीपी सांगा, मी काढून देतो’, तर फोन ठेवून दे.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही, कारण बाजारातून आणलेल्या डिग्र्या त्यांनी ऐकल्यात, बघितल्याही असतील. पण घरी राहून शिकणं हे मोबाइलबरोबर आलेलं खूळ नाही, एवढं त्यांना सांग. गोवा मुक्त झाला 19 डिसेंबर 1961 ला. पुढच्याच वर्षी, 1962 मध्ये, पणजीला आणि मडगावला आपली कला-विज्ञानाची पहिली महाविद्यालयं सुरू झाली. आणि त्याच 1962 मध्ये दिल्ली विद्यापीठानं पत्रद्वारा पदवीचा अभ्यासक्रम सुरू केला. म्हणजे गोव्यात कॉलेजच्या बाकावर बसून शिकणं जेवढं जुनं, तेवढंच या देशात पोस्टानं शिकणं जुनं. संसदेच्या कायद्यानं इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, स्थापन झालं 1985 मध्ये, आणि आपलं गोवा विद्यापीठ सुरू झालं तेही 1985 मध्येच. आयोगाचे आजचे नियम 4 सप्टेंबर 2020 चे आहेत. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानायची, असं त्यांत लिहिलंय, आणि 2022 मध्ये आयोगानं ते पुन्हा जाहीर केलं. सरकारी भरतीत जिथे ‘कोणत्याही शाखेचा पदवीधर’ म्हटलंय, तिथे तुझी पदवी चालेल.

एवढं सांगूनही त्यांचं मन वळेलच असं नाही. ते पुस्तकांच्या गठ्ठ्यानं वळेल. त्याचं पुढे सांगते.

तुझ्या पत्रात ‘ऑनलाइन’ हा शब्द तू सगळ्यालाच वापरलायस. सगळेच वापरतात. पण दूरशिक्षण आणि ऑनलाइन शिक्षण या नियमांतही दोन वेगळ्या वाटा आहेत, आणि तुझ्यासाठी हा फरक फार मोठा आहे. ऑनलाइन पदवीत सगळं इंटरनेटवर चालतं. व्याख्यानाचे व्हिडिओ, वाचायचा मजकूर, स्वतःला तपासायच्या चाचण्या, चर्चेची जागा, असे चार भाग. परीक्षाही बऱ्याचदा कॅमेरा चालू ठेवून संगणकावर. चांगली रेंज, स्वतःचा लॅपटॉप आणि दार लावता येईल अशी खोली ज्याच्याकडे आहे, त्याला हे सोयीचं आहे. पणजीत बँकेत काम करणाऱ्या मुलीला मी हेच सुचवीन. दूरशिक्षणात छापील पुस्तकं घरी येतात, असाइनमेंट हातानं लिहून द्यायच्या असतात, जवळच्या अध्ययन केंद्रावर काही वर्ग होतात आणि परीक्षा केंद्रावर जाऊन, पर्यवेक्षकासमोर, पेननं लिहायची असते.

तुझ्या घरात रेंज नाही. जुलैत वीज किती वेळ असते ते मला सांगायला नको. 2020 च्या टाळेबंदीत सांग्यात नेत्रावळीच्या जंगलातल्या मुलांना रेंजसाठी डोंगर चढावा लागला होता. तेव्हा सगळे हळहळले, पण त्यातून आपण धडा घेतला का, असा प्रश्न मला अजून पडतो. ज्या मुलाच्या घरी रेंज नाही त्याच्यावर व्हिडिओ लादायचे आणि मग त्याला चिकाटी नाही म्हणायचं, हे मला मान्य नाही. तू दूरशिक्षणाची वाट धर. मोबाइल हाताशी ठेव, पण शिकण्याचा सगळा भार त्याच्यावर टाकू नकोस.

गोव्यात इग्नूचं प्रादेशिक केंद्र पणजीच्या नावानं आहे. तिथे जाऊन सत्तरीतल्या माणसाला जवळचं अध्ययन केंद्र कोणतं ते विचार. फोनवर विचारू नकोस, एक दिवस रजा टाकून समक्ष जा. तुझं जुनं पहिलं वर्ष धरता येईल का, तेही तेव्हाच विचार. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स 2021 मध्ये सुरू झाली आणि तिच्यातली क्रेडिट सात वर्षं चालतात. तुझं वर्ष तिच्याही आधीचं, तेव्हा ते हाती लागेल म्हणून अडून राहू नकोस. नाही म्हणाले तर पहिल्यापासून सुरू कर. बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजी आणि हिंदीतून आहेत. तू मराठीतून शिकलीस म्हणून हे तुला जड जाईल, पण हिंदी पुस्तकं महिनाभरात अंगवळणी पडतात, हे मी अनेकांच्या बाबतीत बघितलंय. राज्यांची मुक्त विद्यापीठं दूरशिक्षण आपापल्या राज्यापुरतंच चालवू शकतात, म्हणून मराठीतून शिकवणाऱ्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं केंद्र वाळपईला मिळणार नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं. सत्तरी, डिचोली, पेडणे इथल्या मराठी वाचणाऱ्या मुलांना ते सगळ्यात जवळचं झालं असतं.

फी भरायच्या आधी एक कर. इग्नूची पुस्तकं ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर फुकट आहेत. इतिहासाचा एक भाग देवळाच्या पायऱ्यांवर बसून उतरवून घे आणि दोन आठवडे रोज वाच. रात्री मुलगी झोपल्यावर वाचणार असलीस तर तेव्हा, पहाटे वाचणार असलीस तर पहाटे. दोन आठवड्यांत अर्धाही भाग झाला नाही, तर वेळ बदलून बघ. मन उडालं असं म्हणू नकोस, बहुतेकदा वेळच चुकीची असते. आणि प्रवेश घेताना पुस्तकं छापीलच माग. फक्त फोनवर वाचतो म्हटलं तर फीत सवलत मिळते, ती घेऊ नकोस. पोस्टमननं आणलेला पुस्तकांचा गठ्ठा घरात सगळ्यांना दिसतो. सासूबाईंना दिसेल, मुलीला दिसेल. फोनमधलं पुस्तक कुणालाच दिसत नाही. तू अभ्यास करतेस की फोन बघतेस, हे बाजूला बसलेल्याला कळत नाही, आणि मग सुरू होतात टोमणे.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते: परत सोडलं तर?

2018 मध्ये तू सोडलं नाहीस, ते तुझ्यापासून सुटलं. घरचा ट्रक उभा राहिल्यावर काय होतं ते सत्तरीत, सांग्यात, डिचोलीत घराघरांनी पाहिलंय. तेव्हा त्याचा बट्टा स्वतःला लावून घेऊ नकोस. तरी तुझी भीती खोटी नाही. या वाटेवर माणसं फार गळतात. हार्वर्ड आणि एमआयटीच्या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांचा हिशेब 2019 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात नाव घालणाऱ्या शंभरांतले जेमतेम तीन शेवटपर्यंत पोचले होते. जगातली नावाजलेली विद्यापीठं, उत्तम व्हिडिओ, फुकट, आणि तरीही तीन. ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले होते त्यांच्यात मात्र निम्म्याच्या आसपास पोचले. तुझी परीक्षा, तुझी फी आणि तुझं पोर तुला त्या शंभरांत राहू देणार नाहीत, पण गळतीचं कारण समजून घे.

मायकल मूर या शिक्षणतज्ज्ञानं 1970 च्या दशकात मांडलेली एक गोष्ट मला नोकरीतल्या कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा जास्त उपयोगी पडली. तो म्हणतो, दूरशिक्षणातलं अंतर मैलांत मोजायचं नसतं, ते शिकणारा आणि शिकवणारा यांच्यात किती बोलणं होतं त्यावर ठरतं. शंभर मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेलं पोर मास्तरांपासून दूर असू शकतं, आणि बेटावरचं पोर जवळ असू शकतं.

मी हे एका बार्जवाल्याकडून शिकले. 1990 च्या दशकात मी एका अध्ययन केंद्रावर रविवारी शिकवायचे आणि असाइनमेंट तपासायचे. तो मांडवीवर खनिजाच्या बार्जवर कामाला होता. वर्गाला कधीच यायला मिळायचं नाही. बार्ज भरायला लागायची तेवढ्या वेळात तो लिहायचा. कागदांना ग्रीस लागलेलं असायचं. मी त्याला प्रत्येक वेळी लाल शाईनं ‘ठीक’ लिहून पन्नाशीच्या पुढचे गुण द्यायचे. गठ्ठा मोठा असायचा आणि मला रविवारी संध्याकाळी घरी जायचं असायचं. परीक्षेच्या दिवशी तो पहिल्यांदा समोर आला आणि म्हणाला, “बाई, तुम्ही ‘ठीक’ लिहिता. त्याचं मी काय करू? माझं कुठे चुकलं ते लिहा ना. मला विचारायला दुसरं कोण आहे?”

मला त्या दिवशी लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती. आम्ही तेव्हा मोठ्या उपकरणांच्या मागे होतो. 15 ऑगस्ट 1984 पासून दूरदर्शनवर आयोगाचे महाविद्यालयीन कार्यक्रम लागत होते, मग टेलिकॉन्फरन्स आली, तीत शिक्षक पडद्यावर दिसायचा आणि आपण फोन लावून प्रश्न विचारायचा. 2004 मध्ये तर शिक्षणासाठीच म्हणून एज्युसॅट उपग्रह सोडला. ही सगळी कामं मोठी होती, मी त्यांना कमी लेखत नाही. पण त्या बार्जवाल्याला जे हवं होतं ते त्याच्या कागदाच्या समासात मावणारं होतं. त्यानंतर मी प्रत्येक पानावर निदान एक ओळ लिहायची असं ठरवलं. ‘हे कारण की परिणाम?’ ‘हा सनावळीचा घोळ पुन्हा बघ.’ ‘इथे तुझं मत दे.’ दूरशिक्षणात शिक्षक म्हणजे तेवढाच असतो, समासातला. तो बार्जवाला पदवीधर झाला. पुढे काय झालं ते मला कळलं नाही, पण पदवी झाली हे मी बघितलं.

म्हणून असाइनमेंटबद्दल मी कडक आहे. बहुतेक अभ्यासक्रमांत असाइनमेंटला 30 टक्के आणि सत्रांत परीक्षेला 70 टक्के असतात, आणि असाइनमेंट दिल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. व्हॉट्सअॅपच्या गटांवर तुला सोडवलेल्या असाइनमेंटच्या पीडीएफ मिळतील, विकतही मिळतील, आणि सगळे सांगतील की सगळेच उतरवतात. उतरवू नकोस. नियमाविरुद्ध आहे म्हणून तर नाहीच, पण त्याहून मोठं कारण असं की या तीन वर्षांत कुणीतरी तुझं लिहिलेलं वाचणार आहे तो प्रसंग हाच. तो तूच दुसऱ्याच्या हस्ताक्षरात, म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यानं, वाया घालवलास तर मग खरंच सासूबाई म्हणतात तशी डिग्री होईल. तुझ्या चार तोडक्यामोडक्या ओळी चालतील.

गट मात्र हवाच. त्या पीडीएफवाल्या मोठ्या गटात तू हरवशील, स्वतःचा लहान गट कर. केंद्रावरच्या पहिल्याच वर्गाला जा, कितीही अडचण असली तरी. त्या दिवशी सत्तरी-डिचोलीकडची दोन माणसं शोध आणि त्यांचे नंबर घे. दर रविवारी एक व्हॉइस मेसेज, एवढंच: या आठवड्यात काय वाचलं, काय अडलं. व्हॉइस मेसेजला रेंज फार लागत नाही, पायऱ्यांवर गेलीस की जाईल. तू दोन रविवार गप्प राहिलीस तर तिसऱ्या रविवारी कुणीतरी ‘काय गं बाय, कुठे आहेस?’ असं विचारायला हवं. कॉलेजात हे आपोआप होतं. बाकावरची जागा रिकामी दिसते. घरी शिकताना रिकामी जागा कुणाला दिसत नाही, ती दिसेल अशी सोय आपणच करायची असते. ज्यांनी सोडलं त्यातल्या बऱ्याच जणांना विषय अवघड गेला नव्हता, त्यांची चौकशी कुणी केली नव्हती.

व्हिडिओंचं थोडक्यात. ते जोडीला ठेव. ‘स्वयं’ या सरकारी संकेतस्थळावरचे अभ्यासक्रम 2017 पासून मोफत आहेत, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच पैसे. पण पहिल्या वर्षी त्यांच्या नादी लागू नकोस, पदवी पुरे. ‘स्वयंप्रभा’ या सरकारी शैक्षणिक टीव्ही वाहिन्या मात्र तुझ्या कामाच्या आहेत, कारण त्यांना इंटरनेट लागतच नाही. त्या वाहिन्या डीडी फ्री डिशवर दिसतात, छपरावर तबकडी असली की झालं. इतिहासाची व्याख्यानं कधी लागतात त्याचं वेळापत्रक उतरवून भिंतीला लाव. आपल्या उच्च शिक्षण संचालनालयानं ‘दिष्टावो’ नावानं गोव्यातल्याच प्राध्यापकांची व्याख्यानं यूट्यूबवर ठेवलीत. शिकवणारा आपल्याकडचा असला की ऐकायला जवळचं वाटतं. कारखान्याच्या वाटेवर जिथे रेंज असेल तिथे उतरवून ठेव, दर्जा कमी ठेवलास तरी चालेल. फळ्यावरचं दिसलं नाही तरी ऐकू येतंच.

आता कधी सुरू करायचं. प्रवेश जानेवारीत आणि जुलैत होतात, परीक्षा जूनच्या आणि डिसेंबरच्या सुमारास. जूनची परीक्षा म्हणजे पावसाचा जोर, लाइट जाणं, कदंबची बस वेळेवर नसणं. डिसेंबरची म्हणजे चवथ होऊन गेलेली, पाऊस संपलेला, फक्त जत्रांचे दिवस. जमेल तिथे जड विषय डिसेंबरला ठेव आणि जूनला हलके. बी. ए. तीन वर्षांत होते, पण इग्नू सहा वर्षांपर्यंत मुदत देतं. ही मुदत तुझ्यासारख्यांसाठीच आहे. एखाद्या सत्रात मुलगी आजारी पडली, कारखान्यात जादा पाळी लागली, तर तीन विषयांऐवजी एकच दे. पण एक तरी दे. शून्य विषयांचं सत्र एकदा गेलं की पुढचं सत्र फार लांब वाटायला लागतं, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय.

नवऱ्याची ना नाही, असं तू लिहिलंस. ना नसणं पुरणार नाही. परीक्षेच्या दिवशी पोरीला कोण बघणार, तुला केंद्रावर कोण सोडणार, हे आत्ताच त्याच्याशी बोल आणि तारखा दिनदर्शिकेवर लिहून ठेव. सासूबाईंना एक काम दे: त्यांच्या लहानपणी खाणी सुरू होण्याआधी तुमचा वाडा कसा होता, शेतं कुठे होती, कुळागरं कुणाची होती, ते विचार आणि वहीत लिहून काढ. इतिहासाच्या विद्यार्थिनीला घरात बसलेला असा माणूस मिळणं मोठं भाग्य आहे. डिग्रीबद्दल त्यांच्याशी वाद घालू नकोस, हे विचार.

पहिली असाइनमेंट लिहून झाली की केंद्रावर द्यायच्या आधी तिची झेरॉक्स काढ आणि या सदराच्या पत्त्यावर पाठव. मी तपासून परत पाठवीन. आखीव फुलस्केप वापर, कागदाच्या एकाच बाजूला लिही, आणि डावीकडे समास रुंद सोड.